ताज्या हवेसाठी साधा पंखा की उष्णता वाचवणारं यंत्र?

स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही. वातानुकूलनाच्या कामात असल्यामुळे हे वाक्य मला सारखं बोलावं लागतं आणि समोरच्याचा त्यावर सहसा विश्वास बसत नाही. बाहेर भिंतीला टांगलेलं युनिट आणि आतलं युनिट यांच्यामध्ये तांब्याच्या नळ्यांतून फक्त गॅस फिरतो. हवा खोलीतलीच असते, तीच ती गार होऊन पुन्हा अंगावर येते. जुन्या विंडो एसीला निदान एक छोटी झडप असायची, स्प्लिटमध्ये तेवढीही सोय नाही.

बारा बाय अकराची बेडरूम घ्या. दार-खिडक्या लावून, एसी चालू ठेवून दोघं झोपली आहेत. झोपलेला माणूस तासाला साधारण १२-१३ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. बाहेरच्या हवेत या वायूचं प्रमाण ४२० पीपीएमच्या आसपास असतं, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग. खिडक्या घट्ट बसणाऱ्या असतील तर त्या खोलीत पहाटेपर्यंत हाच आकडा दोन-तीन हजारांवर जातो. आठ तास झोपूनही डोकं जड असण्यामागे पुष्कळदा ही कोंडलेली हवा असते. या पातळीचा कार्बन डायऑक्साइड विषारी नसतो, पण खोलीत किती उच्छ्वास साचलाय ते त्यावरून कळतं. त्याच्यासोबत घामाचा वास, फर्निचरच्या पॉलिशची वाफ, दमटपणा आणि एखाद्याला सर्दी असेल तर त्याचे विषाणू, हे सगळंही साचलेलं असतं.

म्युनिकचे आरोग्यशास्त्रज्ञ माक्स फॉन पेटेनकोफर यांनी १८५८ मध्येच हा धागा पकडला होता. राहत्या खोलीत कार्बन डायऑक्साइड हजारात एक भागाच्या वर, म्हणजे आजच्या भाषेत १००० पीपीएमच्या वर, जाऊ देऊ नये असं त्यांनी सांगितलं. जागा माणूस बसल्या बसल्या तासाला १८ लिटरच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडतो. हे धरून गणित केलं की माणशी तासाला ३० घनमीटर बाहेरची हवा लागते आणि तेवढी मिळाली की आकडा बरोबर हजाराच्या आसपास थांबतो. एक्झॉस्ट फॅनच्या खोक्यावर हवा सीएफएममध्ये, म्हणजे मिनिटाला किती घनफूट अशी, लिहिलेली असते. त्या हिशेबात माणशी १८ सीएफएम. जागतिक आरोग्य संघटनेने कोरोनाच्या काळात, २०२१ मध्ये, माणशी सेकंदाला १० लिटरची शिफारस केली. ती याहून थोडी जास्त, तासाला ३६ घनमीटर होते. या लेखापुरते ३० धरू.

एवढी हवा लागतेच. घर पुण्यात असो वा टोरंटोत, त्यात सूट नाही. प्रश्न पुढचा आहे. आपण पैसे मोजून गार किंवा गरम केलेली हवा बाहेर टाकतो आणि तिच्या जागी तापलेली, दमट किंवा बर्फासारखी हवा आत घेतो. जाणाऱ्या हवेतली उष्णता किंवा गारवा परत मिळवायला यंत्र लावावं, की साधा पंखा लावून तेवढं नुकसान सोसावं? लोक इथे दोन प्रश्नांची गल्लत करतात. ‘ते यंत्र महाग आहे, म्हणून ताज्या हवेचं काही केलंच नाही’ असं ऐकलं की मला खरंच वाईट वाटतं. यंत्र ऐच्छिक आहे, हवा नाही.

साधा पंखा, पण हवा येणार कुठून?

बाथरूमचा एक्झॉस्ट फॅन हे ताज्या हवेचं सगळ्यात स्वस्त साधन. तो हवा बाहेर फेकतो, घरात थोडी पोकळी होते आणि बाहेरची हवा फटींतून आत येते. फ्रान्सने याच तत्त्वावर अख्ख्या देशाची घरं उभी केली. तिथल्या १९८२च्या नियमानुसार नव्या घरांत स्वयंपाकघर, बाथरूम आणि संडास इथून हवा सतत थोडी थोडी ओढली जाते आणि बैठकीच्या व झोपायच्या खोल्यांत खिडकीच्या चौकटीवरच्या अरुंद झडपांतून नवी हवा येते. पुढे त्यात दमटपणा ओळखून आपोआप उघडझाप करणाऱ्या झडपा आल्या. घरात कोणी नसलं की हवा कमी, अंघोळ चालू असली की जास्त. फिरता भाग एकच पंखा, तोही कमी वेगाने चालणारा.

आपल्याकडे फ्रान्समधल्या त्या झडपांचाच विसर पडतो. पंखा घेतला जातो, पण हवा आत यायला वाट ठेवली जात नाही. बाथरूमचं दार लादीला घासत बंद होतं, वर रबराची पट्टी असते आणि पंखा जाग्यावर घुरघुरत राहतो. टिश्यू पेपरचा तुकडा जाळीला लावून पाहा. चिकटून राहिला तर पंखा हवा ओढतोय, गळून पडला तर नुसता आवाज करतोय. दाराखाली बोटभर फट ठेवली किंवा लूव्हर बसवले की तोच पंखा कामाला लागतो.

इथे एक धोका सांगायलाच हवा. बाथरूममध्ये गॅस गिझर असेल आणि हवा आत यायला वाट नसेल, तर एक्झॉस्ट फॅन गिझरचा जळका धूर खोलीतच मागे खेचू शकतो. कोंडलेल्या जागेत ज्योत अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नसतो, रंग नसतो. महाराष्ट्रात जवळपास दर हिवाळ्यात गॅस गिझरमुळे बाथरूममध्ये गुदमरून मृत्यू झाल्याच्या बातम्या येतात. गिझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवणं हाच खरा उपाय. ते जमत नसेल तर कायम उघडी राहणारी जाळी हवी, बंद करता येणारी खिडकी पुरेशी नाही.

पंखा उलटा लावून बाहेरची हवा आत ढकलता येते. तेव्हा घरातला दाब किंचित वाढतो आणि जुनी हवा फटींतून बाहेर जाते. दिसायला दोन्ही सारखंच, पण हवामानाप्रमाणे यातला फरक मोठा आहे. मुंबईत, कोकणात, गोव्यात एसीच्या खोलीतून हवा बाहेर ओढली, तर बाहेरची दमट हवा स्विचबोर्डच्या पाइपांतून, फॉल्स सीलिंगच्या वरून, खिडकीच्या चौकटीमागून घुसते आणि जिथे गार पृष्ठभाग सापडेल तिथे पाणी सोडते. वॉलपेपरमागे काळी बुरशी धरते ती अशी. म्हणून दमट प्रदेशात, जिथे एसी बराच वेळ चालतो, तिथे हवा ढकलणारा पंखा बरा. कॅनडा-जर्मनीत याच्या बरोबर उलट. तिथे घरातली उबदार, ओलसर हवा भिंतीत ढकलली तर ती भिंतीच्या आत, थंड थरावर पाणी सोडते, म्हणून तिथे ओढणारा पंखा बरा.

ढकलणाऱ्या पंख्याचा आणखी एक मोठा फायदा म्हणजे हवा एकाच ठिकाणाहून येते, त्यामुळे तिथे फिल्टर लावता येतो. ओढणाऱ्या पंख्याची हवा घराच्या शंभर फटींतून येते, तिला गाळणार कसं? दिल्लीच्या हिवाळ्यात पीएम २.५चा, म्हणजे हवेतल्या अतिसूक्ष्म कणांचा, आकडा कित्येक दिवस २०० मायक्रोग्रॅमच्या वर असतो आणि आपलं स्वतःचं २४ तासांचं मानक आहे ६०. तिथे गाळल्याशिवाय बाहेरची हवा घेणं म्हणजे एक त्रास काढून दुसरा घालणं. मुंबई-पुण्यातही रस्त्यालगत किंवा बांधकामाशेजारी राहणाऱ्यांना हे लागू आहे. धूळ अडवणारी नुसती जाळी इथे पुरत नाही, एमईआरव्ही १३ दर्जाचा (फिल्टर किती बारीक कण अडवतो त्याची ही श्रेणी) किंवा त्याच्या जवळपासचा फिल्टर हवा.

उष्णता परत मिळते कशी?

यंत्राचं नाव एचआरव्ही, म्हणजे हीट रिकव्हरी व्हेंटिलेटर. आत दोन पंखे असतात, एक जुनी हवा ओढून बाहेर टाकणारा आणि एक नवी हवा आत आणणारा. दोन्ही प्रवाह एका गाभ्यातून जातात. गाभा म्हणजे अॅल्युमिनियमच्या किंवा प्लॅस्टिकच्या पातळ पत्र्यांची चवड. एका फटीतून जुनी हवा, शेजारच्या फटीतून नवी, उलट दिशेने. हवा मिसळत नाहीत, मधल्या पत्र्यातून फक्त उष्णता इकडून तिकडे जाते. बाहेर ० अंश आणि घरात २० अंश असतील, तर ८० टक्के क्षमतेच्या यंत्रातून आत येणारी हवा १६ अंशांची असते. घर तापवणाऱ्या हीटरला वरचे चारच अंश चढवायचे उरतात. उन्हाळ्यात एसी चालू असताना हेच उलट होतं, जाणारी गार हवा येणाऱ्या गरम हवेला थोडं निववते.

हे तंत्र घरांत रुजलं ते थंडीच्या प्रदेशात. कॅनडातल्या रेजायना शहरात, जिथे हिवाळ्यात पारा उणे ३०च्या खाली जातो, १९७७ मध्ये सस्कॅचवान कॉन्झर्व्हेशन हाउस नावाचं एक प्रायोगिक घर बांधलं गेलं. भिंतींना जाड आवरण, फटी जवळपास बंद, आणि हवेतून हवेत उष्णता देणारं यंत्र. घर तापवणारी नेहमीची भट्टी त्यात नव्हतीच. १९९१ मध्ये जर्मनीतल्या डार्मश्टाट शहरात वोल्फगांग फाइस्ट यांच्या पुढाकाराने चार जोडघरं उभी राहिली आणि त्यातून अगदी कमी ऊर्जेत चालणाऱ्या घरांचं ‘पॅसिव्हहाउस’ हे मानक आलं. त्या मानकात यंत्राने किमान ७५ टक्के उष्णता परत द्यावी आणि एक घनमीटर हवा हलवायला ०.४५ वॅट-तासांपेक्षा जास्त वीज खाऊ नये अशी अट आहे. ही दुसरी अट लक्षात ठेवा, खाली गणितात लागेल.

थंडीत या यंत्राच्या जुन्या हवेच्या बाजूला पाणी सुटतं, म्हणून त्याला निचऱ्याची नळी लागते. फार थंडीत ते पाणी गाभ्यात गोठतं, ते वितळवण्यासाठी वेगळी सोय असते. टोरंटो, कॅलगरीकडे राहणारी आपली मंडळी बेसमेंटमधलं हे यंत्र आवाज करतं म्हणून बंद करून टाकतात आणि जानेवारीत खिडक्यांच्या काचांवरून पाणी ओघळायला लागलं की हैराण होतात. चार माणसांच्या घरात श्वास, अंघोळ, स्वयंपाक, वाळत घातलेले कपडे मिळून दिवसाला ८ ते १२ लिटर पाणी हवेत जातं. भात-वरणाचा कुकर आणि घरात वाळत घातलेल्या चादरी असतील तर वरचाच आकडा धरा. ते पाणी बाहेर काढायचं काम ते यंत्र करत असतं.

दमट प्रदेशासाठी याचा भाऊ आहे, ईआरव्ही, म्हणजे एनर्जी रिकव्हरी व्हेंटिलेटर. त्यात पत्र्याऐवजी एक खास पडदा असतो. त्यातून उष्णतेसोबत पाण्याची वाफही पलीकडे जाते. बाहेर दमट आणि आत कोरडं असेल, तर येणाऱ्या हवेतला बराचसा ओलावा पडद्यातून जाणाऱ्या हवेत उतरतो आणि तिच्यासोबत परत बाहेर जातो. मोठ्या इमारतींत हेच काम एक फिरतं चाक करतं. चाकाच्या बारीक नळ्यांना सिलिका जेलसारखा ओलावा शोषणारा लेप असतो. अर्धं चाक जुन्या हवेत, अर्धं नव्या हवेत, असं ते सावकाश फिरत राहतं. चाकातून जुनी हवा थोडीफार नव्या हवेत येतेच, म्हणून इस्पितळात जिथे संसर्गाची भीती असते तिथे चाक टाळून दोन वेगळ्या कॉइल आणि त्यांच्यामध्ये फिरणारं पाणी अशी रचना करतात. उष्णता कमी वाचते, पण हवेचा हवेशी संबंध येत नाही.

गणित, कारण निर्णय इथेच होतो

एक सोपं सूत्र आहे. तासाला जितके घनमीटर हवा, गुणिले आत-बाहेरच्या तापमानातला फरक, गुणिले ०.३४. उत्तर वॅटमध्ये येतं. चार माणसांच्या घराला तासाला १२० घनमीटर हवा लागते.

बर्लिनपासून सुरुवात करू. सहा महिने घर तापवायचं, बाहेर सरासरी ५ अंश, आत २०. फरक १५. म्हणजे ६१२ वॅट उष्णता सतत, रात्रंदिवस, बाहेर जाते. साधारण ४४०० तासांत ती २७०० युनिटांच्या आसपास होते. ८० टक्के परत मिळाली तर २१०० युनिटांहून जास्त. त्यासाठी यंत्राचे दोन पंखे साध्या पंख्यापेक्षा दीडशे युनिट वीज जास्त खातात. दीडशे देऊन एकवीसशे मिळतात, तिथे यंत्र लावायला माझा कौल निःसंशय होकाराचा.

आता पुणे. एप्रिलची दुपार, बाहेर ३८, आत एसीने २६. फरक १२. हवेबरोबर ४९० वॅट उष्णता आत येते. पण एसी एक युनिट विजेत साधारण साडेतीन युनिट उष्णता बाहेर काढतो, म्हणून विजेच्या हिशेबात नुकसान फक्त १४० वॅटचं. यंत्राने ७५ टक्के वाचवले तर १०५ वॅट. आता यंत्राचे दोन पंखे ५४ वॅट (१२० गुणिले वरचे ०.४५) खाणार, फिल्टर लावलेला साधा पंखा पंचवीसेक वॅट. तीसेक वॅट वजा गेले, उरले ७५. अशा तापलेल्या दुपारी वर्षातून तीनशे तास धरा. वर्षाची बचत २२-२३ युनिटं, दहा रुपये दराने सव्वादोनशे रुपये. आणि तेच यंत्र उरलेल्या वर्षात चालू राहिलं, जेव्हा पुण्यात बाहेरची हवा आतल्याइतकीच किंवा अधिक सुखाची असते, तर ते वरचे ३० वॅट अडीचशे युनिटं खातात. वाचवलं त्याच्या दहापट घालवलं. पुण्यात, नाशिकमध्ये, साताऱ्यात राहत्या घरात उष्णता परत मिळवायचं यंत्र लावू नका असं मी स्पष्ट सांगतो. फिल्टरचा एक चांगला पंखा लावा आणि संध्याकाळी खिडक्या उघडा.

नागपूरच्या मे महिन्यात ४४ अंश असतात, फरक १८ अंशांचा होतो. एसी असेल तर बचत पुण्यापेक्षा जास्त. हवा तिथे उन्हाळ्यात इतकी कोरडी असते की ओलावा अडवणाऱ्या ईआरव्हीची गरज नाही, साधा एचआरव्ही तेवढंच देतो. पण विदर्भातल्या बहुतेक घरांत अजून कूलर आहे आणि कूलर चालतोच मुळी बाहेरच्या हवेवर. खसच्या किंवा लाकडाच्या तंतूंच्या ताट्यांतून तो सतत ताजी हवा आत ढकलतो, दुसऱ्या बाजूची खिडकी उघडी ठेवावी लागते. कूलरच्या घरात ताज्या हवेचा प्रश्न उन्हाळ्यापुरता सुटलेलाच असतो.

मुंबईत मात्र सूत्र फसवतं. बाहेर ३३ अंश, आत २५, फरक फक्त आठचा. १२० घनमीटरला ३२६ वॅट, म्हणजे किरकोळ. पण हे फक्त तापमानाचं झालं. मे महिन्यातल्या मुंबईच्या एक किलो हवेत २० ग्रॅमच्या वर पाणी असतं आणि एसीच्या खोलीतल्या हवेत ११ ग्रॅम. वरचे दहाएक ग्रॅम एसीला कॉइलवर निथळवून नळीतून बाहेर सोडावे लागतात आणि वाफेचं पाणी करायला तापमान उतरवण्यापेक्षा कितीतरी जास्त शक्ती लागते. हा भाग ९०० वॅटच्या वर जातो. एकूण ओझ्याचा तीन चतुर्थांश हिस्सा नुसत्या ओलाव्याचा! म्हणून किनारपट्टीवर कोणी साधा, पत्र्याच्या गाभ्याचा एचआरव्ही विकत असेल तर त्याला नाही म्हणा. तो उरलेल्या एक चतुर्थांशावरच काम करतो. तिथे घ्यायचाच तर ईआरव्ही.

घ्यायचा का? इथे घर आणि ऑफिस यांची उत्तरं वेगळी आहेत.

शंभर माणसांचं ऑफिस, तासाला ३००० घनमीटर हवा. मेच्या दुपारी त्या हवेबरोबर दर तासाला ३३-३४ लिटर पाणी ऑफिसात शिरतं. दीड बादली पाणी, दर तासाला. पाणी आणि उष्णता मिळून ओझं ३१ किलोवॅटचं, म्हणजे जवळपास ९ टन एसी फक्त ताज्या हवेसाठी. ईआरव्हीने ६० टक्के वाचवले तर ५ टनांहून जास्त एसी मुळात विकत घ्यावाच लागत नाही. ही बचत पहिल्या दिवशीच खिशात पडते, वीजबिलाची वाट पाहावी लागत नाही. जागा नवी सजवत असाल तर डिझाइनच्या वेळीच हे मांडा. एसी आधी पूर्ण क्षमतेचा घेऊन ईआरव्ही नंतर जोडला, तर हा सगळ्यात मोठा फायदा हातचा जातो. वर्षभराची सरासरी मेच्या निम्मी धरली आणि पंख्यांची जास्तीची वीज वजा केली, तरी दहा तासांच्या ऑफिसला वर्षाला पाच हजारांच्या आसपास युनिटं वाचतात. आपल्या २०१७च्या ऊर्जा संवर्धन इमारत संहितेतही मोठ्या हॉटेलांना आणि इस्पितळांना, जिथे पुरवलेल्या हवेत बाहेरची हवाच ७० टक्के किंवा जास्त असते, किमान ५० टक्के परतावा देणारं यंत्र सांगितलेलं आहे. त्यामागे हाच हिशेब आहे.

आता त्याच मुंबईतली दोघांची बेडरूम. रात्री बाहेर २८ अंश आणि दमट. दोघांना ६० घनमीटर हवा. साध्या, फिल्टरच्या पंख्याने ती आत घेतली तर एसीला आठ तासांत साधारण एक युनिट वीज जास्त लागते. रात्रीचे दहा रुपये. ईआरव्ही त्यातलं अर्धं युनिट वाचवेल. वर्षातल्या २४० रात्री धरल्या तर १२०-१२५ युनिटं, बाराशे-साडेबाराशे रुपये. भिंतीला दोन भोकं, डक्ट, फॉल्स सीलिंग, पाच आकडी किंमत आणि वर देखभाल, हे सगळं एवढ्यासाठी? बिलासाठी तरी नाही. संधिवात, दमा किंवा बुरशीचा त्रास असलेल्या घरात खोली कमी दमट राहावी म्हणून कोणी घेत असेल तर ते मला पटतं, पण मग ते आराम विकत घेणं आहे आणि तसंच समजून घ्यावं.

यंत्र घेऊनही पैसे वाया कसे जातात

पहिलं कारण फटी. यंत्र फक्त स्वतःच्या गाभ्यातून जाणाऱ्या हवेची उष्णता वाचवतं. सरकत्या अॅल्युमिनियमच्या खिडकीच्या रुळांतून, दाराखालून, एसीच्या नळ्यांसाठी पाडलेल्या आणि तशाच सोडलेल्या भोकातून जी हवा जाते तिच्याशी त्याचा काही संबंध नाही. आपल्याकडच्या पुष्कळ फ्लॅटांत या फटींतूनच एवढी हवा ये-जा करते की ८० टक्क्यांचं यंत्र प्रत्यक्षात ४० टक्केही देत नाही. सिलिकॉन आणि ब्रशपट्टीवर आधी खर्च करा.

दुसरं, बायपास. दख्खनच्या पठारावर दिवसभर तापलेलं घर रात्री बाहेरच्या गार हवेने निववता येतं. पण एचआरव्हीमधून ती गार हवा आणली तर गाभा तिला घरातल्या उष्णतेने तापवून आत सोडतो, कारण त्याचं कामच ते. गाभ्याला वळसा घालणारी झडप नसेल तर असं यंत्र मार्चमध्ये संध्याकाळी तुमच्याविरुद्ध काम करतं. कोटेशनमध्ये बायपासचा उल्लेख शोधा.

स्वयंपाकघराची चिमणी या यंत्राला कधीही जोडू नका. फोडणीचं तेल गाभ्यात बसलं की तो धुऊनही पूर्ववत होत नाही. चिमणीला तिचा वेगळा रस्ता हवा.

आणि फिल्टर. फॉल्स सीलिंगचं झाकण उघडून तीन महिन्यांचा फिल्टर बाहेर काढला की पांढऱ्या घड्यांच्या जागी काळपट राखाडी गादी हातात येते, बाहेरच्या बाजूने तर घड्या दिसतच नाहीत. एवढा तुंबलेला फिल्टर हवा निम्म्यावर आणतो. ढकलणारा पंखा दमला आणि ओढणारा जोरात राहिला की खोलीत पोकळी होते आणि दमट हवा पुन्हा फटींतून घुसते, म्हणजे यंत्र असूनही नसल्यासारखं. युरोपातल्या माहितीपत्रकात फिल्टर सहा महिन्यांनी बदला असं लिहिलेलं असतं, आपल्या धुळीत तेवढी वाट पाहू नका. मी जागा पाहायला जातो तेव्हा आधी झाकण कुठे येणार ते विचारतो. शिडी, स्क्रू ड्रायव्हर आणि सुतार लागणार असेल तर तो फिल्टर कोणी बदलणार नाही. हात पोचेल अशी, अंगठ्याने उघडणारी झडप हवी.

साध्या पंख्यातही फसगत होते. खोक्यावरचा सीएफएमचा आकडा पंखा मोकळ्या हवेत फिरताना मोजलेला असतो. भिंतीतल्या भोकात लावायचा पातळ पात्यांचा पंखा दहा फूट लवचीक डक्ट आणि दोन वळणांना जोडला तर लिहिलेल्या हवेच्या पावपटही देत नाही. डक्ट असेल तर डक्टसाठीचाच, दाब सहन करणारा इनलाइन पंखा घ्या आणि फिल्टर स्वच्छ असताना आणि थोडा भरल्यावर तो किती हवा देतो ते विक्रेत्याकडून लिहून घ्या. बेडरूमसाठी आवाजही विचारा. ३० डेसिबलच्या वर गेलेला पंखा लोक पहिल्याच आठवड्यात बंद करतात आणि बंद पंख्याची कार्यक्षमता मोजायला काही उरत नाही.

शाळा आणि क्लासेसबद्दल दोन शब्द, कारण तिथे ही निवड सगळ्यात चुकीची होते. चाळीस मुलं बसलेल्या, एसी लावलेल्या कोचिंग क्लासच्या खोलीला तासाला १२०० घनमीटर हवा हवी. बहुतेक ठिकाणी ती शून्याच्या जवळ असते. एसी नसलेल्या वर्गात समोरासमोरच्या खिडक्या उघड्या असतील तर कसलंच यंत्र नको, छताचे पंखे आणि वारा पुरतो. पण खिडक्या सील करून एसी बसवला की हवेची जबाबदारी पूर्ण मालकाची. पुण्यात असेल तर फिल्टरचे दोन मोठे पंखे आणि मागच्या भिंतीत बाहेर जायच्या जाळ्या एवढ्यात काम होतं. ठाण्यात किंवा पणजीत असेल आणि वर्ग सकाळपासून रात्रीपर्यंत चालत असतील तर ईआरव्हीचा खर्च एसीच्या टनांतच बराचसा वसूल होतो. पालकांनी फी भरताना विचारायला हरकत नाही. दोन-चार हजार रुपयांत कार्बन डायऑक्साइड मोजणारं छोटं मीटर मिळतं. विकत घेताना त्यात एनडीआयआर सेन्सर, म्हणजे इन्फ्रारेड प्रकाशाने थेट कार्बन डायऑक्साइड मोजणारा, आहे ना ते पाहा, स्वस्तातली काही मीटरं दुसराच वायू मोजून अंदाजाने आकडा दाखवतात.

तेच मीटर घरीही वापरा आणि कुठलंही कोटेशन मागवण्याआधी वापरा. एक रात्र सगळं बंद ठेवून, दुसऱ्या रात्री बेडरूमचं दार उघडं आणि हॉलची खिडकी चार बोटं उघडी ठेवून, तिसऱ्या रात्री बाथरूमचा पंखा कमी वेगावर चालू ठेवून सकाळचा आकडा लिहून ठेवा. पुष्कळ घरांत दुसऱ्या किंवा तिसऱ्या रात्रीच आकडा बाराशेच्या खाली येतो. तसा आला तर विकत घ्यायचं काही उरत नाही. नाही आला, तर तुमच्या खोलीला किती हवा कमी पडते हे तुम्हाला कळलेलं असतं आणि विक्रेत्याशी बोलायला तो आकडा पुरेसा आहे.